रविवार कोणाचा?



मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ बोलायला आपण मला बोलावलंत आणि विषय दिलात आयुष्याच्या निरनिराळ्या अंगांचा मेळ कसा घालावा हा. काम, घर, शरीर, मित्रमंडळी, वाचन-गाणं, गावाचं आणि समाजाचं देणं, ज्याला हवा असेल त्याला देवधर्म, या सगळ्यांना एका आयुष्यात जागा कशी मिळावी याबद्दल सध्या पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. पहाटे उठा, कामं ठरवून करा, जमत नसेल तिथे नाही म्हणायला शिका. या सल्ल्यांत खोटं काही नाही. पण ते देणाऱ्यानं एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की ऐकणाऱ्याचे चोवीस तास त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाचे ते नव्हते. आजही पुष्कळांचे नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या हातात थोडे तास मोकळे उरतात, त्यांच्यासाठी ते कोणीतरी भांडून मिळवले आहेत. म्हणून लोखंड्यांचं नाव आणि हा विषय एकत्र आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. नोकरी करता करता ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि गिरणीचं आतलं जग त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधू' हे पत्र १८८० पासून मुंबईत लोखंड्यांनी चालवलं. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. काम उजेडाबरोबर सुरू व्हायचं आणि उजेडाबरोबर संपायचं. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही मोठं व्हायचं, तेरा-चौदा तासांपर्यंत जायचं. १८८१ चा कारखाना कायदा झाला होता, पण त्यानं तास बांधले ते फक्त लहान मुलांचे. मोठ्या माणसाच्या तासांना, मग तो पुरुष असो की बाई, कायद्यानं काहीच मर्यादा घातली नव्हती.

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचं निवेदन सरकारच्या चौकशी आयोगापुढे ठेवलं. त्यातूनच बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. त्या निवेदनातल्या मागण्या मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि आज आपल्यापुढे जरा सावकाश ठेवतो. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. यंत्रात सापडून माणूस जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा, आणि कायमचा निकामी झाला तर पोटाची सोय व्हावी.

इतकंच. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे अकरा-बारा तास, आणि तेवढेच असावेत ही मागणी! अर्धा तास मागितला तो जेवणासाठी. यंत्र चालू असताना उभ्या उभ्या भाकरी खाणाऱ्या माणसाला बसून घास घ्यायचा होता. पंधरा तारखेची मागणी वाचली की वाण्याची उधारी, गावाला पाठवायचे पैसे, सावकाराचं व्याज असं सगळं घर डोळ्यांपुढे उभं राहतं. शरीर, अन्न, घर, पैसा, विसावा: आज आपण ज्यांना आयुष्याची अंगं म्हणतो, ती सगळी त्या पाच ओळींत आहेत. फरक एवढाच, की लोखंड्यांनी कामगाराला 'तू तुझं आयुष्य नीट आख' असं सांगितलं नाही. त्यांनी मालकाला आणि सरकारला सांगितलं, की याचं आयुष्य तुम्ही सगळंच्या सगळं घेतलं आहे, त्यातलं थोडं परत करा.

थोडंसं परत मिळायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात बाईनं दहा हजारांपुढे उभं राहून आपल्या कामाविषयी बोलणं किती मोठं होतं, हे मी सांगायला नको. त्यांची नावं जपली गेली असती तर आज इथे लोखंड्यांबरोबर त्यांचाही फोटो असता. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायदा सुधारला आणि त्यात आठवड्याची सुटी आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

रविवार हा खंडोबाचा वार. सातारा-पुण्याकडून आलेल्या कामगाराच्या घरी तो आधीपासूनच वेगळा दिवस होता. आता गिरणीनंही तो वेगळा मानला. त्या एका दिवसाच्या आधारानं गिरणगावात काय काय उभं राहिलं पाहा. भजनी मंडळं, बुवांच्या बाऱ्या, जाखडीचे नाच, तालमी, कबड्डीचे संघ, नाटकमंडळ्या, वाचनालयं, रात्रशाळा. १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली, तिच्या शाळा आणि वाचनालयं कामगार वस्तीत चालली. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले, नारायण सुर्वेही राबले. मराठी साहित्यात आणि शाहिरीत गिरणगावानं जे घातलं, ते कामाच्या तासांत घातलं गेलेलं नाही. ते काम सुटल्यावर, सुटीच्या दिवशी, चाळीच्या कट्ट्यावर आणि खोलीच्या दारात घडलं. ज्यांना वाटतं की मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, त्यांनी गिरणगावाच्या या वर्षांकडे एकदा नीट पाहावं.

स्वतः लोखंड्यांकडे पाहिलं तर असं दिसतं, की आयुष्याला घर आणि काम यांपलीकडे तिसरं एक दालन असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोकरी होती, वर्तमानपत्र होतं, संघटना होती, सत्यशोधक समाजाचं काम होतं. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. १८९६-९७ च्या प्लेगात लोकांसाठी फिरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनंच गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना गेल्या. आज आपण जीवनाचा तोल म्हणतो तेव्हा बहुधा नोकरी आणि कुटुंब एवढ्या दोनच गोष्टी मनात असतात. शेजारी, वस्ती, संघटना, सार्वजनिक काम हे त्या हिशेबातून केव्हाच गळून गेलं. मला ही गळती फार मोठी वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती दिवसाचं काम आटोपल्यावर माणूस समाज म्हणून एकत्र बसेल या भरवशावर. आपण आज इथे बसलो आहोत ते त्याच भरवशावर.

पण तासांची लढाई एकदा जिंकली की जिंकली असं होत नाही. १९०५ च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. उजेड सूर्याचा राहिला नाही, मालकाचा झाला. सूर्यास्ताची जी नैसर्गिक मर्यादा होती तीच गेली आणि दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये चोपन्न तासांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्यात आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात तो टिकला. लोखंड्यांच्या निवेदनापासून इथवर यायला बासष्ट वर्षं गेली. विजेच्या दिव्यानं गिरणीत जे केलं तेच आज खिशातला फोन करतो आहे. कचेरी बंद झाली तरी काम बंद होत नाही. जेवणाच्या ताटाशी, आजारी आईच्या उशाशी, मुलाच्या स्नेहसंमेलनात तो वाजतो. १९११ मध्ये दिव्याला कायद्यानं आवर घातला. फोनला अजून घातलेला नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः आलो आहे तिच्याकडे येतो. हा रविवार मिळाला कोणाला?

माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. कोकणातून आलेले, बायकामुलं गावी ठेवून एका गाळ्यात दहा-पंधराजण राहणारे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायला होते. दिवसपाळीचं जेवण वेगळ्या वेळी, रात्रपाळीचं वेगळ्या वेळी. पहाटे स्टोव्ह पेटायचा तो रात्री उशिरा विझायचा. आणि रविवार? रविवारी सगळे घरी, म्हणजे सगळे एकदम जेवायला. त्या दिवशी मटण हवं, वडे हवेत. बाकीच्या सहा दिवसांपेक्षा रविवारी तिला जास्त काम असे. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी त्या पंधराजणांपर्यंत पोचली, पण त्यांचं ताट वाढणाऱ्या बाईपर्यंत पोचली नाही. यात त्या कामगारांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. ते बिचारे थकलेले होते आणि आईला मानत होते. पण त्यांचा विसावा तिच्या श्रमावर उभा होता, हे खरं आहे. १९७३-७४ च्या बेचाळीस दिवसांच्या गिरणी संपात पगार बंद झाला तेव्हा गिरणगावातल्या अशा असंख्य बायकांनी उधारीवर माणसं जेवू घातली आणि स्वतः कर्जात गेल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. त्या बेचाळीस दिवसांची भाकरी कोणी भाजली, हे त्यात क्वचितच येतं.

हे फक्त गिरणगावात घडलं असं नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या सगळ्यांना वंदनीय आहेत. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून रोज हिंगण्याला आश्रमात चालत जाणारे अण्णा म्हणजे काम आणि समाजसेवा यांचा मेळ घालणाऱ्या माणसाचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण. पण त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया म्हणत, त्यांनी 'माझे पुराण' लिहून ठेवलं म्हणून आपल्याला या चित्राची दुसरी बाजूही दिसते. मिळकतीतला मोठा भाग संस्थेकडे वळत असताना घर चालवण्याची काळजी बायांची होती. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या, तेही संसाराला आपला हातभार लागावा म्हणून. अण्णांच्या कार्याबद्दलचा माझा आदर बायांचं पुस्तक वाचून कमी झाला नाही. मात्र तेव्हापासून कोणी आपल्या भरलेल्या, समृद्ध आयुष्याबद्दल बोलू लागलं, की त्याच्या घरी त्या वेळी कोण काय करत होतं, हे मी विचारल्याशिवाय राहत नाही.

आजची स्थिती सरकारी आकड्यांत आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या कालवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ! आणि हे ८८ मिनिटांचे पुरुष म्हणजे जे मुळात घरकामाला हात लावतात ते. बहुसंख्य पुरुष त्या गणतीतच येत नाहीत. रोजचे पावणेपाच तास हे अर्ध्या पाळीपेक्षा जास्त काम आहे. त्याला ना पगार, ना रविवार.

बाईच्या वाट्याला मोकळे तास यावेत म्हणून केलेला कायदाही कधी उलटतो, हे इथे सांगायला हवं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. आईला मिळणाऱ्या विश्रांतीत साऱ्या समाजाचं हित आहे, म्हणून त्या खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, असा त्यांचा विचार होता. कायदा १९२९ मध्ये झाला, पण खर्च पडला तो एकट्या मालकावर. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यात, नायकिणीच्या म्हणजे बाई मुकादमाच्या हाताखाली. पुढच्या काळात तो हिस्सा घसरत घसरत नगण्य झाला. नवी यंत्रं आणि रात्रपाळीची बंदी हीही कारणं होती, पण बाई महाग पडते हे मालकांच्या मनानं घेतलं, हे त्यांतलं एक कारण. २०१७ मध्ये आपण बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि खर्च पुन्हा मालकाच्याच गळ्यात ठेवला. बाबासाहेबांचा मुद्दा नव्वद वर्षांनंतरही आपण मनावर घेतलेला नाही.

मोकळा वेळ म्हणजेच सुख, असं मी म्हणत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अडीच लाखांच्या घरातल्या कामगारांपैकी पुष्कळांच्या हाती वेळच वेळ आला. भोंगा थांबला. आईकडे जेवायला येणारे एकेक करून गावी गेले, काही नाक्यावर बसून राहिले, काही दारूत गेले. कामाशिवायचा रविवार माणसाला खातो. काम हे आयुष्याचं एक अंग आहे आणि तेही तितकंच हवं.

आणि ज्याला काम आहे पण खाडा परवडत नाही, त्याचं काय? बीड जिल्ह्यातून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे कोपीतून उठून भाकऱ्या थापायच्या, पोर पाठीशी किंवा फडाच्या कडेला, दिवसभर ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. दुखणं, पाळी, बाळंतपण, कशालाच सुटी नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकींचं वय तिशी-चाळिशीतलं होतं. खाडा नको हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. एका दिवसाची सुटी मिळत नाही म्हणून बाई शरीराचा अवयव काढून टाकते! जीवनाचा समतोल या विषयावर महाराष्ट्रात कुठेही बोलायचं झालं, तर मला वाटतं इथूनच सुरुवात करावी लागेल. कार्ल्याच्या रिसॉर्टमधल्या शिबिरातून ती होणार नाही.

अशा वेळी आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा असे सल्ले देशातल्या मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांकडून येतात, त्यांचं मला दुःख होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासच आहे, असं सांगितलं जातं. पण माणूस दिवसानं जगतो. बदलापूरहून, विरारहून येणाऱ्याचे बारा तास कामाचे आणि तीन तास गाडीचे झाले, की त्या दिवशी त्याच्या मुलाला बाप नसतो, म्हाताऱ्याला मुलगा नसतो. आठवड्याअखेरीस तीन दिवस सुटी दिली तरी मुलाच्या मंगळवारच्या तापाला ती पुरत नाही. लोखंड्यांनी रविवार मागितला तेव्हा त्याबरोबर दुपारचा अर्धा तास आणि संध्याकाळही मागितली होती. ती संध्याकाळ आपण सोडून देऊ नये.

घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याच्या पगारी सुटीचा हक्क त्यानं दिलेला नाही. पुण्यात १९८० पासून मोलकरणींची संघटना झगडते आहे. तिच्या झगड्यामुळे काही घरांत सुटी आली, बहुतेकांत आली नाही. जी बाई आल्यामुळे आपण वेळेवर कामाला जातो, संध्याकाळी गाण्याला किंवा व्याख्यानाला येतो, तिला अजून १८९० उजाडलेलं नाही.

श्रोतेहो, त्यांच्या पगारी सुटीचा कायदा होईल तेव्हा होईल, त्यासाठी आपण सगळे मिळून आवाज उठवू. पण एक गोष्ट आपल्या हातात आज आहे. घरी गेल्यावर आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंना त्यांचा सुटीचा वार विचारा आणि तो आठवड्याला ठरवून द्या. त्या दिवसाचे पैसे कापू नका. आणि त्या दिवशीची भांडी घरातल्या पुरुषांनी घासावीत.